बाहेर गेलेल्यांना धरून गावाचा अहवाल कसा लिहावा

गावातून बाहेर गेलेली माणसं गावाला प्रवेशद्वार बांधून देतात, देवळाला फरशी देतात, सप्त्याच्या काल्याला तेलाचे पिपे देतात. ग्रामपंचायतीचं कोणतं काम कितीत झालं, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. एखाद्यानं विचारलंच तर? चाकणच्या कंपनीत लागलेला आमच्या गल्लीतला एक जण फोनवर म्हणाला होता, "वहिनी, पैसे देतो तवा मी गावचा, आन् हिसाब इचारतो तवा मी पुण्याचा."

हा तिढा सोडवायचा एक रस्ता आम्ही धरला आहे. गावाबद्दल दरवर्षी एक छोटा अहवाल लिहायचा, त्यात बाहेरच्यांचे प्रश्न घ्यायचे आणि तो ग्रामसभेत वाचायचा. आजूबाजूच्या गावांतून "कसं करता, आम्हालाही सांगा" असं विचारणं येतं, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात 'ड' दर्जाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाचं, सार्वजनिक वाचनालय सांभाळते. 'ड' दर्जा ज्यांना माहीत आहे त्यांना त्याचं अनुदानही माहीत असेल, जाऊ द्या. त्याच वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमचं अभ्यासमंडळ बसतं.

पुढं आर्मेनियाचं नाव वारंवार येईल. तुर्कस्तानच्या शेजारचा हा छोटा देश, येरेवान त्याची राजधानी. तो यात कुठून आला, हे आधी सांगते, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी तिथूनच उचललेल्या आहेत.

आमच्या गावचा एक पोरगा येरेवानला एमबीबीएस शिकतो. विदर्भातली बरीच मुलं तिकडं आहेत. तो सुट्टीत आला की वाचनालयात बसतो आणि तिकडच्या गोष्टी सांगतो. आर्मेनियाची लोकसंख्या सुमारे 30 लाख. आपल्या यवतमाळ जिल्ह्याची 2011 च्या जनगणनेत 27 लाखांवर होती, म्हणजे माणसं जवळपास तेवढीच. क्षेत्रफळ आपल्या जिल्ह्याच्या दुपटीहून थोडं जास्त. पण त्या देशाबाहेर राहणारे आर्मेनियन 70 लाखांच्या घरात धरतात. घरात राहणाऱ्यांपेक्षा घराबाहेरचे दुप्पट! 1915 च्या कत्तलीत ऑटोमन साम्राज्यातून जीव वाचवून पळालेल्यांची लेकरं-नातवंडं लेबनॉन, सीरिया, फ्रान्स, अमेरिका इथं वाढली. 1991 साली सोव्हिएत संघातून देश स्वतंत्र झाला, त्यानंतर पोटासाठी रशियात गेलेले आणखी वेगळे. उन्हाळ्याच्या तोंडावर बांधकामावर रशियात जायचं आणि थंडीत परतायचं, अशी तिकडच्या गावांतल्या पुरुषांची रीत. आमच्या तांड्यावरची माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात. हंगाम उलटा, बाकी तेच.

एवढी माणसं बाहेर असलेला देश चालवायचा कसा आणि बाहेरच्यांनी त्यात किती हात घालायचा, हा तिथला रोजचा वाद आहे. त्या वादाचा अभ्यास करणाऱ्या सरकारबाह्य संस्थाही तिथं आहेत. पॉलिसी फोरम आर्मेनिया ही त्यातली एक. तिचे सदस्य देशोदेशी विखुरलेले, आपापल्या नोकऱ्या सांभाळून लिहिणारे. 2008 च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर येरेवानमध्ये निदर्शनं झाली, 1 मार्चला दहा माणसं मेली. सगळा देश आरोप-प्रत्यारोपांत असताना या संस्थेनं अधिकृत मतमोजणीचे आकडेच घेऊन तपासले आणि अहवाल लिहिला. 2010 मध्ये देश आणि बाहेरचे आर्मेनियन यांच्या नात्याच्या वीस वर्षांवर एक अहवाल, पुढं पर्यावरणावर, भ्रष्टाचारावर. दुसरी संस्था आर्मेनियन सेंटर फॉर नॅशनल अँड इंटरनॅशनल स्टडीज, 1994 ची. ती काढणारा राफी होव्हान्निस्यान कॅलिफोर्नियात जन्मलेला वकील. स्वतंत्र आर्मेनियाचा पहिला परराष्ट्रमंत्री तोच होता.

मला यातली एक गोष्ट फार पटली. या संस्था अभ्यास करतात, लिहितात, बाजूला होतात. निर्णय घेणं त्यांचं काम नाही. आणि ही गोष्ट आपल्याला परकी आहे असंही नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं कितीतरी आधीपासून अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी ठेवली. अभ्यासगटात कोणीही यावं, बाहेरच्यानंही, माहिती घ्यावी, वाद घालावा. निर्णय ग्रामसभेत, सर्वसहमतीनं, गावातल्यांनीच. 2009 मध्ये त्या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, त्यामागं ही अभ्यासाची सवय होती. येरेवान आणि धानोरा, दोन्हीकडून थोडं थोडं घेऊन आमचं मंडळ उभं राहिलं.

माणसं कोणती घ्यायची

पाच ते सात पुरेत. त्याहून जास्त झाली की चहा होतो, काम होत नाही. सरपंच नको, सदस्य नको, पुढच्या निवडणुकीला उभं राहायची ज्याच्या मनात आहे तोही नको (गावात हे सगळ्यांना ठाऊक असतं, तो कितीही नाही म्हणो). ग्रामपंचायतीची कामं घेणारा ठेकेदार आणि त्याचा भाऊ नको. आमच्यात एक निवृत्त मास्तर, एक आशाताई, बँक मित्राचं काम करणारा एक तरुण, तांड्यावरची बारावी झालेली एक मुलगी आणि मी. मास्तर हिशोबाला पक्के. आशाताईला घर न् घर माहीत.

एका गटाचे, एका जातीचे, एका पक्षाचे लोक बसले तर अहवाल वाचायच्या आधीच फाटला म्हणून समजा. हे जमवायला वेळ लागतो. लागू द्या.

मंडळाची नोंदणी, लेटरहेड, शिक्का, बॅनर यातलं काही करू नका. शिक्का बनवला की अध्यक्ष कोण हे ठरवावं लागतं, आणि मग तेवढंच होतं.

यादी: कोण कोण बाहेर आहे

गावाला विचारलं "बाहेर कोण आहे" तर बोटावर मोजण्याइतकी नावं येतात. पुण्याचा इंजिनिअर, नागपूरचा वकील, मुंबईचा मंत्रालयातला. वर्गणीच्या पावतीपुस्तकात जी नावं असतात तीच. आर्मेनियाचंही पुष्कळ वर्षं असंच चाललं. लॉस एंजेलिसचा श्रीमंत व्यापारी सगळ्यांना दिसायचा, रशियात विटा रचणारा कोणाला दिसायचा नाही.

म्हणून यादी घरोघर फिरून करा, आठवणीतून नको. आशाताईच्या सोबत निघालात तर घरात बसायला मिळतं. यादीत हे सगळे घ्या: कंपनीत गेलेले, ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणारे, सैन्यात आणि पोलिसात असलेले, शिकायला गेलेली मुलं-मुली. आणि सासरी गेलेल्या लेकी.

हे शेवटचं नाव काढलं तेव्हा मास्तरसुद्धा हसले. "वहिनी, त्या तं परक्या झाल्या ना आता." मी त्यांना विचारलं, मास्तर, गावातून सगळ्यात जास्त माणसं कोणत्या कारणानं गेली सांगा. नोकरीनं की लग्नानं? मोजून बघा. ज्या घरात दोन पोरं गावात शेती करतात त्याच घरातल्या तीन पोरी तीन तालुक्यांत नांदतात. त्यांचं लहानपण इथल्या शाळेत गेलं, इथल्या विहिरीवर पाणी भरून त्यांच्या कमरेचा काटा ढिला झाला, भाऊबीजेला त्या येतात तेव्हा कोणता रस्ता फुटला आणि कोणती नाली तुंबली हे त्यांना एका नजरेत दिसतं. कारण त्या वर्षाकाठी दोनदा बघतात. आपण रोज बघतो म्हणून आपल्याला दिसत नाही. तरी त्यांना कोणी विचारत नाही. तहसीलला नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेण्यापुरती तेवढी आठवण येते, आणि त्या दिवशी साडीही चांगली मिळते.

मी स्वतः वाशीम जिल्ह्यातून इथं आलेली. माझ्या माहेरच्या ग्रामपंचायतीनं मला आजवर काही विचारलेलं नाही. असो.

आमच्या यादीत लेकींची संख्या नोकरीवाल्यांहून कितीतरी जास्त निघाली आणि अहवालातले सगळ्यात कामाचे प्रश्न त्यांच्याकडून आले. शाळेच्या मुतारीला दार नाही हा प्रश्न एकाही पुणेवाल्यानं विचारला नव्हता.

यादीच्या वहीत नाव, सध्याचं गाव, फोन कोणाचा आहे (स्वतःचा, नवऱ्याचा, शेजारणीचा) आणि फोन कधी करायचा, एवढंच लिहा. आधार नंबर, पगार, जमीन यातलं काहीही नको. वही वाचनालयाच्या कपाटात कुलपात. निवडणुकीच्या दिवसांत ही वही मागायला माणसं येतील. द्यायची नाही. का नाही, ते पुढं येतंच.

विचारायचं काय

2018 मध्ये लंडनच्या आर्मेनियन इन्स्टिट्यूटनं बाहेरच्या आर्मेनियनांची पाहणी सुरू केली. पहिल्या वर्षी चारच शहरं घेतली: बोस्टन, कैरो, मार्सेय आणि पासाडेना. सगळं जग एकदम नाही. भाषा, ओळख, समाजात सहभाग, मायदेशाशी संबंध असं त्यांनी विचारलं. आधी थोड्या ठिकाणी करून बघायचं आणि मग वाढवायचं, ही रीत आपणही घ्यावी. पहिल्या वर्षी सगळ्या यादीला फोन करू नका. एक कंपनीवाल्यांचा पट्टा, एक तांडा आणि एका आळीतल्या लेकी घ्या.

प्रश्न तीनच ठेवा.

गेल्या खेपेला गावात आलात तेव्हा काय खटकलं?

ग्रामपंचायतीच्या कामापैकी कशाचा हिशोब बघावासा वाटतो?

पैशाशिवाय गावाला काय देऊ शकता?

गूगल फॉर्म करू नका. नोकरीवाले तो भरतील, बाकीचे भरणार नाहीत, आणि मग गावाचा अहवाल नोकरीवाल्यांचा होईल. फोनच करा. कंपनीत पाळ्या असतात, तेव्हा त्यांचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस विचारून घ्या. लेकींना दुपारी दोन ते चार. ऊसतोडीवाल्यांना फड चालू असताना फोन करून उपयोग नाही. ते परत आले की तांड्यावर जाऊन बसा.

बोललेलं जसंच्या तसं लिहा, आपल्या भाषेत सुधारून नको. "नळाले पाणी येत नाही पण नळपट्टी येते" हे वाक्य "पाणीपुरवठ्यात अनियमितता आढळते" असं केलं की त्यातला जीव जातो आणि ग्रामसेवकाला उत्तर देणं सोपं होतं.

तिसऱ्या प्रश्नाला सुरुवातीला सगळे गप्प बसतात. पैशाशिवाय आपल्याकडं काही आहे असं कोणाला वाटतच नाही. 2020 पासून आर्मेनियानं बाहेर वाढलेल्या शिकल्या-सवरल्या आर्मेनियनांना वर्षभर सरकारी खात्यांत बसवायचा 'इगॉर्ट्स' नावाचा कार्यक्रम चालवला आहे. तुझे डॉलर ठेव बाजूला, तू ये आणि काम कर, अशी ती कल्पना. आमच्याकडं एवढं नाही, पण महावितरणमध्ये काम करणाऱ्या गावच्याच एका पोरानं पाणीपुरवठ्याच्या मोटारीचं वीजबिल कसं वाचायचं ते व्हिडिओ कॉलवर मंडळाला समजावून सांगितलं. मुकुटबनकडं सिमेंटच्या कामावर असलेल्या एकानं नालीच्या काँक्रिटमध्ये गिट्टी-वाळूचं माप कसं ओळखायचं ते सांगितलं. ही मदत लाखाची आहे, आणि तिची पाटी कुठंच लागत नाही.

कागद कसे मिळवायचे

बाहेरच्यांचे प्रश्न आले की त्यातला एकच विषय निवडा. बाकीचे वहीत राहू द्या. आम्ही पहिल्यांदा पाणी घेतलं, कारण टाकी उभी राहिली होती आणि त्यात पाणी नव्हतं. हे चित्र कोणत्या गावात नाही!

आधी ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा बघा. कोणतं काम, कोणत्या वर्षी, किती मंजूर, हे तिथं दिसतं. वित्त आयोगाचा पैसा दोन भागांत येतो: बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा, आणि अबंधित, जो गावाच्या गरजेनुसार इतर कामांना चालतो. हे दोन शब्द नीट समजून घ्या. अर्धी भांडणं त्यातच मिटतात, कारण "रस्त्याले पैसा हाय मंग नालीले काहून नाही" याचं उत्तर कधी कधी खरंच नियमात असतं.

मग ग्रामपंचायतीत जा. तोंडी विचारा. ग्रामसेवकाचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, तोंडात मात्र ग्रामसेवकच. बहुतेक ग्रामसेवक वाईट नसतात, त्यांच्याकडं गावं फार असतात. आमच्या ग्रामसेवकानं पहिल्यांदा विचारलं, "मॅडम, तक्रार करायची आहे का?" मी म्हटलं, नाही, वाचायचं आहे. रोकडवही, म्हणजे नमुना 5, आणि त्या कामाचं मोजमाप पुस्तक बघायला मागा. बघू दिलं तर तिथंच बसून उतरवून घ्या.

नाहीच दिलं तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे; न आल्यास पहिलं अपील. अर्जात "भ्रष्टाचार", "चौकशी", "संगनमत" असे शब्द घालू नका. कामाचं नाव, वर्ष आणि कोणत्या कागदाची प्रत हवी, बस. रागाचा अर्ज लिहायला मजा येते, पण उत्तर कोरड्या अर्जालाच लवकर मिळतं. त्या आर्मेनियन संस्थेनं 2008 ची निवडणूक हाताळली तेव्हा हेच केलं होतं: सरकारनंच छापलेले आकडे घेतले. आपल्याच आकड्यावर सरकारला खोटं म्हणता येत नाही.

कागद हातात आला की जागेवर जा. टेप घेऊन. कागदावर पाइपलाइन जिथपर्यंत आहे तिथपर्यंत चालत जा. सोबत त्या आळीतलं एक माणूस घ्या, नाहीतर उद्या म्हणतील मोजलंच चुकीचं.

लिहायचं कसं

चार पानांच्या वर जाऊ नका. एका पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात कागद काय म्हणतो. दुसऱ्यात आम्ही काय पाहिलं. तिसरा रकाना रिकामा. वर लिहा "ग्रामपंचायतीचं उत्तर". मत, सूचना, टोमणे सगळे बाहेर. वाचणाऱ्याला पहिला आणि दुसरा रकाना शेजारी शेजारी दिसला की त्याला काय समजायचं ते समजतं. आपल्या लोकांना हिशोब कळत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी कापूस मोजताना शेतकऱ्याचा चेहरा बघावा.

बाहेरच्यांचे प्रश्न वेगळ्या पानावर, नाव न घालता: "चाकणहून", "तांड्यावरून", "सासरहून". नाव घातलं की प्रश्न बाजूला राहतो आणि "त्याचा बाप कसा होता" हे सुरू होतं.

छापून होण्याआधी एक प्रत सरपंचांना द्या आणि आठ दिवस थांबा. काही जण म्हणतील, आधी कशाला दाखवता, सावध होतील ना. होऊ द्या सावध. आठ दिवसांत त्यांनी गळकी जोडणी दुरुस्त केली तर आपलं काम झालंच, मग दुसऱ्या रकान्यात "दुरुस्त केली" असं लिहायचं.

पैसा

मंडळाकडं पैसा नको. एक रुपयाही नको. झेरॉक्सचा खर्च सदस्यांनी खिशातून करावा आणि किती आला ते शेवटच्या पानावर लिहावं.

हे मी एवढं ठासून का सांगते? आर्मेनियात 1992 पासून 'हायस्तान' नावाचा मोठा निधी आहे. बाहेरचे आर्मेनियन त्यात पैसे घालतात. नोव्हेंबरात अमेरिकेच्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी लॉस एंजेलिसमधून टीव्हीवर तासन् तास आवाहन चालतं. त्यातून शाळा झाल्या, पाण्याच्या योजना झाल्या, शेजारच्या काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या डोंगराळ मुलखाला जोडणारा गोरिस-स्तेपानाकेर्त रस्ता झाला. कामं खरी आहेत. पण निधीच्या विश्वस्त मंडळाचा अध्यक्ष देशाचा राष्ट्राध्यक्ष. 2020 मध्ये काराबाखवरून अझरबैजानशी झालेल्या युद्धात जगभरच्या आर्मेनियनांनी घरातलं सोनं-नाणं काढावं तसं पैसे दिले, आणि त्यातली 10 कोटी डॉलरहून जास्त रक्कम निधीनं सरकारला दिली. मग बाहेरून प्रश्न सुरू झाले: कशावर खर्च झाला? आम्ही सरकारला दिले होते का? पैसा आणि सत्ता एकाच टेबलाशी बसली की प्रश्न विचारणाऱ्याला खुर्ची उरत नाही. काराबाखही अझरबैजानच्या हाती गेलं, 2023 च्या सप्टेंबरात एक लाखाहून जास्त माणसं घरदार सोडून आर्मेनियात आली. रस्त्यासाठी ज्यांनी पैसे दिले होते त्यांनी ते टीव्हीवर पाहिलं.

गावात हेच लहान मापात होतं. जो मोठी वर्गणी देतो त्याचं नाव पाटीवर, त्याच्या पोराच्या लग्नात सरपंच फेटा बांधून, आणि त्याच्या सांगण्यावरून रस्ता त्याच्या घराकडं वळतो. म्हणून बाहेरच्यानं पैसे द्यायचे म्हटलं तर त्याला सरळ सांगा: ग्रामपंचायतीत भर, पावती घे, कशासाठी ते लेखी दे. मंडळ त्यात कुठंच नाही. आणि ज्यानं काही दिलं नाही त्याचाही प्रश्न त्याच पानावर, त्याच अक्षरात.

ग्रामसभेत

वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जी कमी असेल ती. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. चलाख पुढारी याच दुसऱ्या सभेची वाट बघत असतात. म्हणून अहवाल पहिल्या सभेत वाचायचा असेल तर माणसं आणणं हेही मंडळाचं काम. बचतगटाच्या बायकांना सांगा. त्या येतात.

विषय लेखी द्या, पोच घ्या. वाचन दहा मिनिटांत संपवा. वाचायला तांड्यावरची ती मुलगी उभी राहते, मी नाही. तिचा आवाज खणखणीत आहे, आणि तिला "तुमाले काय करा लागते" असं म्हणायची कोणाची हिंमत होत नाही, कारण तिच्या घरचा नळ खरंच कोरडा आहे.

बाहेरच्यांचं काय? ग्रामसभेचा सदस्य तोच, ज्याचं नाव गावच्या मतदार यादीत आहे. पुष्कळ बाहेरच्यांचं नाव अजून इथंच आहे, लेकींचं बहुधा नाही. आमचा नियम असा: बाहेर बसून प्रश्न पाठवता येतो, मत देता येत नाही. प्रश्न गावातल्या मतदारानं उभं राहून विचारायचा. फोनवरून सभा ऐकायची असेल तर ऐकावी, बोलायचं नाही.

हा नियम पुणेवाल्यांना फार झोंबला. त्यांना मी आर्मेनियाचीच गोष्ट सांगितली. 1995 च्या तिथल्या राज्यघटनेत दुहेरी नागरिकत्वाला बंदी होती. 2005 मध्ये ती उठली, 2007 मध्ये कायदा झाला. आणि त्याच 2007 मध्ये परदेशातल्या दूतावासांत मतदान करायची सोय बंद केली! नागरिक व्हा, पण मत द्यायचं तर विमानाचं तिकीट काढून या. हे बरोबर की चूक यावर तिथं अजून वाद आहे. माझं मत विचाराल तर जो पाणी पितो त्यानंच विहिरीचं ठरवावं, पण विहीर कोरडी का हे विचारायचा हक्क कोणाचाही काढू नये. आणि आपल्याकडं तर उलटंच होतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उमेदवार पुण्याला गाडी पाठवतो, जेवण घालून मतदार आणतो, संध्याकाळी परत सोडतो. पाच वर्षांत एक दिवस गावचा. आमची यादीची वही मागायला येतात ती याचसाठी.

भांडण होईलच

पहिल्या अहवालानंतर एका पदाधिकाऱ्यानं वाचनालयाच्या अनुदानाचा विषय काढला, अगदी सहज, चहा पिता पिता. मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी चौकात सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, "वाचनालयाचं काय म्हणत होते भाऊ तुम्ही?" मग तो विषय निघाला नाही. मंडळात एक तरी माणूस असा हवा ज्याच्या हाताखाली अर्धं गाव शिकलेलं आहे.

दुसरं भांडण आत-बाहेरचं. बाहेरच्याच्या मनात लहानपणीचं गाव असतं: नदीला पाणी, पोळ्याला चाळीस बैलजोड्या, सगळे एकमेकांकडं जेवणारे. आतल्याच्या समोर आजचं असतं: बोंडअळी, सोयाबीनचा भाव, लग्नाची राहिलेली पोरं. आर्मेनियातही हेच चाललं आहे. पंतप्रधान निकोल पाशिन्यान म्हणतात, आज सीमेच्या आत आहे तोच खरा आर्मेनिया, त्याचं बघा. बाहेरच्या पुष्कळांना ज्या मुलखातून आजोबा पळाले त्याची आठवण सोडवत नाही. दोघांनाही दोष देता येत नाही. एका वर्षी पुण्याच्या मंडळींनी जुनी चावडी जशीच्या तशी ठेवा म्हणून आग्रह धरला. गावातल्यांना तिथं अंगणवाडीची खोली हवी होती. अहवालात आम्ही दोन्ही लिहिलं, शेजारी शेजारी. ग्रामसभेनं अंगणवाडी ठरवली. पुण्याच्या एकानं व्हॉट्सॲप गट सोडला, पुढच्या दिवाळीत परत आला.

बाहेरचे नुसते आठवणी काढत बसतात असंही समजू नका. मद्रासमध्ये, आपल्या देशात, अठराव्या शतकात आर्मेनियन व्यापाऱ्यांची वस्ती होती. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक 1794 मध्ये तिथं छापलं गेलं. त्याआधी तिथल्याच शहामिर शहामिर्यान नावाच्या व्यापाऱ्यानं स्वतंत्र आर्मेनियासाठी राज्यघटनेचा मसुदा छापला होता. तेव्हा तो देश नकाशावर नव्हता. दुकान सांभाळत हजारो मैलांवर बसून माणसानं कलमं लिहिली. चाकणहून तीन ओळींचा प्रश्न येतो तेव्हा मला याची आठवण येते.

व्हॉट्सॲप गट करायचा असेल तर फक्त ॲडमिननं टाकायचं, असा करा. शुभ सकाळ आणि मीम सुरू झाले की अहवाल वर सरकत जातो आणि सापडत नाही.

ग्रामसभेनंतर

अहवालाच्या प्रती चार ठिकाणी ठेवा: ग्रामपंचायतीत आवक क्रमांक घालून, वाचनालयात, शाळेत आणि तांड्यावर. ज्यांनी ज्यांनी फोनवर उत्तर दिलं त्या प्रत्येकाला एक फोटो पाठवा. ज्या लेकींकडं स्वतःचा फोन नाही त्यांच्यासाठी प्रत माहेरी ठेवा, राखीला आल्या की मिळते.

तिसरा रकाना भरून आला तर उत्तम. नाही आला तर तो रिकामाच छापा. पुढच्या वर्षीच्या अहवालाचं पहिलं पान म्हणजे मागच्या वर्षीचे तेच तीन रकाने, जसे होते तसे. आमच्या पाण्याच्या अहवालात पहिल्या वर्षी दोनच चौकटी भरल्या होत्या. दुसऱ्या वर्षी वाचन सुरू व्हायच्या आधीच ग्रामसेवक फाइल घेऊन वाचनालयात आले आणि म्हणाले, "मॅडम, पेन आहे का? ते रिकामं राहिलेलं भरून टाकतो."

काम सुरू करायचं तर पोळा झाला की यादीला लागा, दिवाळीत माणसं घरी असतात तेव्हा ती पुरी करा, फोन हिवाळ्यात, कागद फेब्रुवारीपर्यंत, ऊसतोडीवाले परतले की तांड्यावरची बैठक, आणि वाचन 1 मेच्या ग्रामसभेत. त्या दिवसांत शेतात काम कमी असतं. सभा सकाळी आठलाच लावायला सांगा, दहानंतर विदर्भात मे महिन्यात कोणीही बसत नाही.